पालकांचा कट्टा : दोनशेपानी वही, बोंडलं आणि माईक

मागच्या अंकात मी अर्ली इंटरव्हेन्शनबद्दल लिहिलं होतं, म्हणजे बाळाच्या वाढीत काहीतरी मागे पडतंय असं दिसलं की 'बघू, होईल हळूहळू' करत न बसता पहिल्या दोन-तीन वर्षांतच थेरपी वगैरे सुरू करायची, आणि शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं की ह्यात आईबापांनी पुढारपण घ्यायला हवं. तेच वाक्य सगळ्यांना टोचलं बहुतेक. एकीने तर सरळ विचारलंय, "पुढारपण म्हणजे काय, इलेक्शनला उभी राहू का?" आलेल्यातली चार पत्रं घेतलीत, नावं नेहमीप्रमाणे काढून. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट पण नाही, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराची आई आहे, तेव्हा औषधाचं मला विचारू नका, बाकी विचारा.

माझी मुलगी 14 महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा रडली नाही, नऊ दिवस पेटीत होती. अंगणवाडीत आरबीएसकेची (मुलांच्या तपासणीची सरकारी योजना) गाडी येते त्यातल्या डॉक्टरांनी बघून जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे अशा मुलांच्या थेरपीच्या सरकारी केंद्राला पाठवलं. मान अजून नीट धरत नाही, पायांची कात्री होते. गावापासून एसटीने दोन तास, पंधरा दिवसांतून एकदाच जमतं. फिजिओ मॅडम म्हणतात घरी तुम्हीच करायचंय, तुम्हीच तिच्या लीडर. सासूबाई म्हणतात हिचा बाप पण उशिराच चालला. माझं शिक्षण बारावी. मी कसली लीडर? — एक आई, सांगली जिल्हा

अगं, मी तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी साधा हिशोब कर. महिन्यातनं दोनदा, पाऊण पाऊण तास धरला तर मॅडमच्या हातात पोरगी महिन्याला दीड तास. बाकीचा अख्खा महिना ती तुझ्याजवळ, सासूबाईंजवळ, नवऱ्याजवळ. हा हिशोब काही तुझ्यापासून सुरू झालेला नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये पोर्टेज म्हणून एक गाव आहे, तिथं 1969 साली हाच प्रश्न होता, घरं लांब लांब, मुलांना रोज सेंटरला आणणं अशक्य, मग त्यांनी उलटं केलं, शिक्षिकाच आठवड्यातनं एकदा घरी जायची आणि मुलाला शिकवण्यापेक्षा आईला शिकवायची की ह्या आठवड्यात हे एवढंच बघायचं. ती पद्धत पुढे जगभर गेली, आपल्याकडे पण आली. म्हणजे मॅडम तुला लीडर म्हणतात त्यात मस्का नाहीये, एसटीचं टाईमटेबल आहे.

पण लीडर म्हणजे घरी दवाखाना उघडायचा नाही. मी उघडला होता. सकाळी एक तास व्यायाम, दुपारी एक तास, संध्याकाळी एक तास, भिंतीवर तक्ता, पोरगं मला बघितलं की रडायचं कारण मी आली म्हणजे पाय ओढणार. सहा महिन्यांनी एका ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ताईंनी विचारलं, "ह्याच्याशी खेळता कधी?" आणि मला उत्तर येईना. तर जे करायचं ते अंघोळ, कपडे, भरवणं, झोपवणं ह्यातच बसव. गोधडीची घट्ट वळकटी करून तिच्या छातीखाली घालायची आणि पुढ्यात डबा वाजवायचा, मान उचलायला तेवढं निमित्त पुरतं. लंगोट बदलताना पाय हळूहळू फाकवायचे, झटका द्यायचा नाही. कडेवर घेताना पाय तुझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना येतील असं घे, कात्री आपोआप सुटते. हे सगळं मॅडमना आधी दाखवून घे, तुझ्या मुलीला चालेल का ते त्या सांगतील.

आता भरवणं, ह्यावर मी जरा जास्त बोलणार. तुझ्या पत्रात नाहीये पण सासूबाई जुन्या आहेत म्हणून विचारते, घरात बोंडलं आहे का? पायावर आडवं पाडून, मान मागे, बोंडल्याने घटाघट ओतायचं, आपण सगळे असेच वाढलो असं त्या म्हणतील. ज्या बाळाला गिळण्याचा ताळमेळ नाही त्याच्यासाठी हे भलतंच धोक्याचं आहे, दूध श्वासनळीत जातं, मग सारखा खोकला, सारखा कफ, न्यूमोनिया, आणि घरचे म्हणतात हिला सर्दीच फार होते. मांडीवर उभट बसवायचं, डोकं मधोमध, हनुवटी किंचित खाली, पातळ पाण्यापेक्षा जरा दाटसर पेज किंवा मऊ भात, छोटा चमचा, समोरून, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. वेळ लागतो. अर्धा तास लागतो. भरवताना खोकला, डोळ्यांत पाणी, घरघर असं होत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नको, आधीच दाखव.

आणि एक दोनशेपानी वही आण. त्यात निबंध नको. तारीख, काय खाल्लं, किती झोपली, काय नवीन केलं, काय विचित्र वाटलं. माझ्या पोराच्या वहीत एक ओळ होती, "झोपेतून उठल्यावर सहा-सात वेळा लागोपाठ दचकतो, दर वेळी मान पुढे, हात वर." ज्युनियर डॉक्टर म्हणाले होते बाळं दचकतातच. ही ओळ तिसऱ्या आठवड्यात चौथ्यांदा लिहिली गेली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी वही हातातनं घेतली, उभ्या उभ्या वाचली आणि त्याच दिवशी ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) सांगितला. त्या फिट्स होत्या. आता तर वहीबरोबर मोबाईल आहे, तसं काही दिसलं की व्हिडिओ काढ, चाळीस सेकंद पुरे, आणि तारखेची वाट न बघता दाखव.

डीईआयसीला गेलीस की तीन गोष्टी विचारल्याशिवाय उठायचं नाही: हे कशासाठी करायचं, घरी कशावर करू, आणि काय दिसलं तर थांबवू. मग म्हणायचं, "आता मी करते मॅडम, तुम्ही बघा." त्यांच्यासमोर एकदा हात बसला की घरी भीती वाटत नाही. हे विचारायला बारावी भरपूर झाली, मला तर एमकॉम असून तोंड उघडायला दोन वर्षं लागली.

सासूबाईंना पुढच्या खेपेला बरोबर घेऊन जा. भांडू नको, फक्त मॅडमना म्हण, ह्यांना पण सांगा. आणि मालिश त्यांच्याकडेच राहू दे, फक्त दाबून पाय सरळ करायचा नाही एवढं मॅडमच्या तोंडून जाऊ दे. नवऱ्याचं काहीच लिहिलं नाहीस. त्यांना एक काम वाटून दे, संध्याकाळचं भरवणं म्हण, 'मदत करा' म्हणू नको, मदत दोन दिवस टिकते. आणि एखाद्या दिवशी काहीच झालं नाही तर वहीत लिही, "आज काही केलं नाही, आत्याकडे गेलो होतो." माझ्या वहीत अशी खूप पानं आहेत.

मुलगा 4 वर्षांचा, ऑटिझम आहे. मी आणि अजून तिघांनी मिळून पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, आता 180 जण आहेत. सुरुवातीला छान होतं, आता गुड मॉर्निंग, एक जण सारखा स्टेम सेलच्या (शरीरात पेशी टोचायच्या उपचाराच्या) जाहिराती टाकतो, एक मॅडम सांगतात गहू-दूध बंद करा सहा महिन्यांत पोरगं बोलेल, कोणी काही म्हटलं की भांडण. मी अॅडमिन, मला रात्री बारा वाजता फोन येतात. सोडून द्यावं वाटतं. — एक बाबा, नाशिक

दादा, पहिलं काम, रात्री नऊनंतर ग्रुप बंद. सेटिंग आहे, फक्त अॅडमिनलाच मेसेज टाकता येतील असं करायचं, सकाळी परत उघडायचं. कोणी रागावलं तर रागावू दे.

दुसरं, 180 जणांचा ग्रुप हा बाजार असतो, तिथं घोषणा होतात, बोलणं होत नाही. बोलण्यासाठी आठ-दहा घरांचे छोटे गट करा, जवळ राहणाऱ्यांचे किंवा मुलांच्या वयाप्रमाणे, आणि महिन्यातनं एकदा खरोखर भेटा, बागेत भेटा, मुलं घेऊनच भेटा. नवीन निदान झालेले आईबाप मोठ्या ग्रुपात टाकूच नका लगेच. कालच कागद हातात पडलाय आणि आज ह्यांना बारा जण बारा उपाय सांगतायत, माणूस बुडतो त्यात. एका जुन्या पालकाने त्यांच्याशी फोनवर बोलायचं, नुसतं ऐकायचं.

स्टेम सेलवाल्याला काढा. ऑटिझमवर तो मान्य झालेला उपचार नाही, लाखांत पैसे जातात, लोक दागिने मोडतात. ग्रुपचा एकच नियम पुरे: स्वतःच्या मुलाचा अनुभव सांगा, दुसऱ्याच्या मुलाला डोस सांगू नका, आणि विकू काहीच नका. गहू-दूधवाल्या मॅडमना राहू द्या, पण "माझ्या मुलाला असं झालं" एवढ्यावर थांबायला लावा, कारण ही मुलं आधीच चार पदार्थ खातात, त्यातले दोन काढले तर वजनाचं काय, हे डॉक्टरांना न विचारता करायचं नाही.

मग ग्रुपात करायचं काय? एक सुचवते. गोव्याच्या संगत संस्थेने ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर एक काम केलं, 2016 साली त्याचे निष्कर्ष छापून आले, गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी 65 मुलं होती. थेरपिस्ट कमी पडतात म्हणून साध्या, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ते घेतलं, पंधरवड्याला एक असे 12 सेशन. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात त्याचा व्हिडिओ काढायचा आणि मग तोच व्हिडिओ दोघांनी बसून बघायचा, की बघा, इथं त्याने तुमच्याकडे बघितलं होतं, तुम्ही तेव्हा दुसरं खेळणं पुढं केलंत. एवढंच. त्यातनं पालक मुलाच्या कलाने घ्यायला लागले आणि मुलं आपणहून जास्त पुढाकार घ्यायला लागली. ट्रेनिंग नसताना त्यांच्यासारखं सगळं करता येणार नाही, पण एखाद्या थेरपिस्टला महिन्यातनं एकदा बोलवा आणि दोन घरांचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघा, अर्थात त्या घराची परवानगी घेऊन, आणि बघून झाल्यावर डिलीट.

सोडून द्यावं वाटतं त्याबद्दल: सोडा की. अॅडमिनपद वर्षाला बदला. पालकांच्या संस्था बुडतात त्या बहुतेक वेळा एकाच माणसाच्या खांद्यावर बसून बुडतात, तो दमला की संपलं. जाण्याआधी दोघांना तयार करा, तुमच्या फोनातले नंबर, कुठल्या दवाखान्यात दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी कोणत्या वारी जायचं, यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) फॉर्म कसा भरायचा, निरामय योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा कुठल्या संस्थेतून निघतो, हे सगळं त्यांच्या फोनात जाऊ दे.

आम्ही न्यू जर्सीत आहोत, मुलगी 2 वर्षांची, डाऊन सिंड्रोम. अर्ली इंटरव्हेन्शनवाले घरी येतात, छान आहेत. आता आमची कोऑर्डिनेटर म्हणते की अर्ली इंटरव्हेन्शनवर सल्ला देणाऱ्या स्टेटच्या कौन्सिलमध्ये पालकांच्या जागा असतात, तू अर्ज कर. मला वाटतं मी काय बोलणार, मला फक्त माझ्या मुलीचं माहीत आहे, आणि तिथे सगळे डिरेक्टर वगैरे. — एक आई, एडिसन

कर अर्ज. त्या जागा कोणी मेहेरबानी म्हणून ठेवलेल्या नाहीत. तिथल्या फेडरल कायद्यातच आहे, 1986 पासूनची ही व्यवस्था, की प्रत्येक स्टेटच्या त्या कौन्सिलमध्ये किमान 20 टक्के लोक पालक हवेत, मुलं 12 वर्षांपर्यंतची, आणि त्यातल्या निदान एकाचं मूल 6 वर्षांचं किंवा त्याहून लहान हवं. म्हणजे दोन वर्षांच्या मुलीची आई त्यांना हवीच असते, कित्येक वर्षांपूर्वी हे सगळं मागे पडलेली माझ्यासारखी नको असते. रेफरलपासून 45 दिवसांत मुलीच्या थेरपीच्या प्लॅनची पहिली मीटिंग व्हायला हवी असा नियम आहे ना, ते तुमच्याकडे खरंच झालं की बासष्ट दिवस लागले, हे डिरेक्टरला आकड्यात दिसतं, त्या जादा सतरा दिवसांत घरात काय चाललं होतं ते तूच सांगू शकतेस.

फक्त आपल्याच मुलीचं माहीत आहे म्हणतेस, तर जायच्या आधी तीन घरांना फोन कर, ज्यांचं तुझ्यासारखं नाही अशांना. एखादं गुजराती किंवा स्पॅनिश बोलणारं घर, एखादी एकटी आई, एखादा बाबा जो रात्रपाळी करतो आणि ज्याच्या घरी थेरपिस्ट नेमका झोपेच्या वेळी येतो. मग तू तुझ्या मुलीपासूनच सुरुवात कर, पण संपव त्यांच्यावर.

आणि लाजू नकोस, मीटिंगला जाताना मुलीला सांभाळायला जे पैसे लागतात ते विचार. कौन्सिलला ते पालकांना देता येतात, कायद्यात चाइल्ड केअरचा उल्लेख करून लिहिलंय. मला हे कळलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले, कारण आपल्याकडे मी आजवर जितक्या मीटिंगांना गेले तितक्यांना रिक्षा माझी, पोराला सांभाळायला शेजारच्या काकू, आणि तिथं गेल्यावर एक गुलाबाचं फूल.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही हं. 1995 साली देशभरच्या पालक संघटनांनी एकत्र येऊन परिवार नावाचा महासंघ काढला, राष्ट्रीय न्यासाचा (नॅशनल ट्रस्ट, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरे असलेल्यांसाठीची सरकारी संस्था) 1999 चा कायदा झाला त्यामागेही पालकांची धावपळ होती, आणि त्या न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांना जागा आहे. वरती जागा आहेत. खाली तालुक्याला आल्यावर त्या पातळ होत जातात, त्याचंच पुढचं पत्र आहे.

मी पालघर जिल्ह्यात एका संस्थेत काम करते. आम्ही पाड्यांवरच्या दिव्यांग मुलांच्या पालकांची समिती केली, लीडरशिप ट्रेनिंग ठेवलं, हॉल घेतला, माईक, बॅनर, प्रोजेक्टर. पहिल्यांदा 34 जण आले, दुसऱ्यांदा 11, तिसऱ्यांदा 4. जे येतात ते बोलत नाहीत. काय चुकतंय? — एक कार्यकर्ती

गंमत बघा, आरबीएसके देशात सुरू झालं ते 2013 च्या फेब्रुवारीत तुमच्या पालघरमधूनच. तेव्हा मुलं शोधण्याचं काम तिथं जुनं आहे, आईबापांना पुढं आणायचं मात्र राहून गेलं.

मीटिंग कितीला असते? सकाळी अकराला असेल तर त्या दिवसाची मजुरी गेली. वडाप जीपचे पैसे गेले. मूल घरी ठेवावं तर कोणाकडे आणि आणावं तर हॉलमध्ये ते रडणार आणि आई बाहेर व्हरांड्यात. एवढं करून आल्यावर प्रोजेक्टरवर 'नेतृत्वाचे गुण' बघायचे, तेही पुस्तकी मराठीत, आणि घरात बोलतात वारली नाहीतर कातकरी. मीही तिसऱ्यांदा आले नसते. मजुरी आणि प्रवास द्या, रोख, त्याच दिवशी, न्यू जर्सीवालीला मिळतं तर पाड्यावरच्या बाईला का नाही. बजेटमध्ये हॉल आहे ना, तो काढा.

मीटिंग तिथं घ्या जिथं त्या आधीच येऊन बसलेल्या असतात. थेरपीच्या दिवशी डीईआयसीच्या बाकावर नंबरची वाट बघत तासन् तास जातात, तिथं पाच-सहा आया असतात, मुलं मांडीवर, तिथं बसा त्यांच्यात. आणि शिकवणारीच त्यांच्यातली असू दे. युगांडात बेबी उबुंटू म्हणून एक कार्यक्रम आहे, लहान दिव्यांग बाळांच्या आईबापांचे गट, त्यात आरोग्य कर्मचाऱ्याच्या जोडीने स्वतः अशा मुलाची आई गट चालवते, ती तिथं 'तज्ज्ञ' म्हणून असते. तुमच्या त्या शेवटच्या चौघांत अशी एक नक्की आहे. सगळ्यात कमी बोलत असेल, पण जिच्या मुलाच्या अंगाला बसून जखमा नाहीत, जिने घमेल्यात गोधड्या खोचून त्याला बसवायची जागा केलीय, ती. तिला मानधन द्या, सत्कार नको.

आणि त्यांना काहीतरी खरं काम द्या, समिती कशासाठी आहे ते त्यांना अजून कळलं नसेल. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, पुढच्या ग्रामसभेत तिघींनी जाऊन एवढंच विचारायचं की मागच्या वर्षी ते किती होते आणि कशावर गेले. बरेचदा लहान मुलांवर त्यातलं काहीच खर्च झालेलं नसतं. एका मुलाची कोपऱ्यात टेकून बसायची खुर्ची, एकीचं डीईआयसीला जायचं भाडं, असं लेखी मागायचं आणि पोच घ्यायची. अंगणवाडीचं पण तसंच, दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा वेगळा प्रोटोकॉल केंद्राने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये काढलाय, त्यात मूल ओळखणं, पुढे पाठवणं आणि त्याला अंगणवाडीत सामावून घेणं हे सगळं आहे, तो सेविकेबरोबर बसून वाचा, सेविका पण बिचारी एकटीच असते. पहिली पोच हातात आली की बघा, पुढच्या खेपेला ती स्वतः दोघींना घेऊन येते.

गप्प बसतात म्हणून ट्रेनिंग वाढवू नका. फोटोसाठी मुलं पुढे घ्यायला सांगू नका, विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि तो माईक परत करून टाका, माईक दिसला की आमच्यातली निम्मी माणसं पाणी प्यायला उठतात.